पाण्यातल्या पिकालाही ऊन लागतं

तासगाव किंवा पिंपळगावच्या कृषी सेवा केंद्रात ‘सी-वीड’ मागितलं की दुकानदार काळपट तपकिरी द्रवाची बाटली पुढे करतो. द्राक्ष, डाळिंब, ऊस, टोमॅटो, सगळ्यांवर तो फवारला जातो. पांढरी मुळी वाढते, फुटवे जोमाने येतात, उन्हाचा ताण पीक सोसतं, असं शेतकरी सांगतात आणि म्हणून पैसे मोजतात. काही बाटल्यांत उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावरच्या शेवाळाचा अर्क असतो. ‘इफ्को’ची ‘सागरिका’ घेतली तर तिच्यात कापाफायकस नावाचं लाल शेवाळ असतं, आणि हे शेवाळ आपल्याकडे मुख्यतः तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात पिकतं. तिथल्या मच्छीमार वस्त्यांतल्या बायका ते समुद्रात लावतात. दुसऱ्याच्या पिकाला ताण सोसायला मदत करणारं हे शेवाळ स्वतः गरम पाण्यात तग धरत नाही, आणि त्याची जबर किंमत या बायकांनी मोजली आहे.

मंडपम हे रामेश्वरच्या वाटेवरचं, पांबनच्या पुलाअलीकडचं गाव. जमिनीच्या त्या चिंचोळ्या पट्टीच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचं आखात. नैऋत्येचे वारे वाहतात तेव्हा दक्षिणेकडचा समुद्र खवळतो आणि पाल्कची बाजू निवांत असते. ईशान्येचे वारे सुरू झाले की उलटं होतं. पाल्कचा उपसागर उथळ, सरासरी खोली दहा मीटरच्या आसपास. इथल्या बायका कित्येक वर्षं मन्नारच्या आखातात बुड्या मारून, बोटांना चिंध्या गुंडाळून, खडकांवरचं रानशेवाळ खुडून आणत आल्या आहेत. ते अगर आणि अल्जिनेट बनवणाऱ्या कारखान्यांना विकलं जातं. आपल्या पुडिंगमधलं चायना ग्रास म्हणजे अशाच शेवाळांतून काढलेलं अगर.

लागवडीचं काम वेगळं. बांबूचा तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद तराफा बांधायचा. त्यावर आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि दोरीला हाताहाताच्या अंतराने शेवाळाचे तुकडे बांधायचे. हे बांधणं किनाऱ्यावर सावलीत बसून चालतं, कारण ओलं बेणं उन्हात ठेवलं तर काही तासांत कामातून जातं. शेवाळ खाणारे मासे खालून येतात म्हणून तराफ्याला खालून जाळं लावायचं, आणि मग तो पाण्यात नेऊन नांगरायचा. एका तराफ्याला साधारण ६० किलो बेणं लागतं. ४५ दिवसांत त्याचं अडीचशे किलोच्या आसपास होतं. त्यातलं ६० किलो पुन्हा बेण्याला ठेवायचं, उरलेलं वाळवायचं. वाळून त्याचा दहावा हिस्सा उरतो. खत नाही, औषध नाही, सिंचन नाही, जमीनही नाही. ज्यांच्या नावावर गुंठाभर जागा नाही अशा बायकांना हे पीक घेता येतं, हे त्याचं सगळ्यात मोठं मोल आहे.

वाळलेल्या शेवाळातून कॅराजीनन निघतं. आइस्क्रीम घट्ट ठेवायला, चॉकलेटच्या दुधात कोको खाली बसू नये म्हणून, टूथपेस्टला आकार द्यायला ते वापरतात. कारखान्यांची मागणी जगभर आहे आणि ती फार कमी होत नाही. म्हणून भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९८४मध्ये हे शेवाळ जपानमार्गे भारतात आणलं, आधी सौराष्ट्रात ओख्याला वाढवून पाहिलं आणि नव्वदीच्या मध्याला मंडपमला नेलं. २०००च्या सुमारास पेप्सिकोने तंत्र घेतलं, बचत गट उभे राहिले, बँकांची कर्जं आली. २००८मध्ये अ‍ॅक्वाअ‍ॅग्री या कंपनीने ते काम हाती घेतलं. २००१मध्ये जेमतेम २१ टन वाळलेलं शेवाळ निघालं होतं. २०१३पर्यंत ते १,४९० टनांवर पोचलं.

त्यानंतर पीक कोसळलं. समुद्राचं पाणी तापलं आणि पाल्कच्या उपसागरात तराफ्यामागून तराफे मेले. फांद्यांची टोकं पांढरी पडायची, मग मधला एखादा भाग काचेसारखा पारदर्शक व्हायचा, आणि तिथून फांदी तुटून वाहून जायची. या रोगाला जगभर ‘आइस-आइस’ म्हणतात. फिलिपीन्सच्या शेतांमध्ये तो सत्तरच्या दशकातच नोंदला गेला होता. शेतावरच्या पिकाचं नुकसान झालं तर पुढच्या हंगामाचं बियाणं निदान दुकानात मिळतं. इथे पीक हेच बेणं. एका तराफ्यावरचं सगळं मेलं तर विकायचा माल जातो आणि पुढच्या खेपेला बांधायलाही काही उरत नाही. मंडपमच्या बायकांचं नुकसान किती खोल होतं ते उत्पन्नाच्या तक्त्यात एवढ्यासाठी नीट दिसत नाही. बेणं पुन्हा वाढवून सगळीकडे पुरवायलाच कित्येक महिने जातात, आणि तेवढ्यात काही जणी पुन्हा चिंध्या गुंडाळून खडकांकडे वळतात.

या बेण्याची वंशावळ पाहिली की धोका किती मोठा आहे ते कळतं. हवाई विद्यापीठातले शास्त्रज्ञ मॅक्सवेल डोटी यांनी साठ-सत्तरच्या दशकांत दक्षिण फिलिपीन्सच्या सुलू समुद्रात रानटी शेवाळांतून जोमदार वाढणाऱ्या फांद्या निवडल्या. त्यांचे तिथले सहकारी व्हिसेंते आल्वारेझ यांच्या नावावरून या जातीला ‘आल्वारेझी’ हे नाव मिळालं. त्या निवडीतून जी शेतं उभी राहिली, त्यांचेच तुकडे इंडोनेशिया, मलेशिया, टांझानिया, भारत असे पसरत गेले. ऊस जसा कांडीने लावतात तसंच हे, पण उसात निदान नवे वाण सतत निघत असतात. इथे अर्धशतक तुकड्याचा तुकडा, त्याचा पुन्हा तुकडा. जनुकीय अभ्यासांत जगभरच्या शेतांमधलं हे शेवाळ जवळजवळ एकसारखं निघालं. एकाला जे पाणी सोसत नाही ते कुणालाच सोसणार नाही, असा त्याचा अर्थ.

आता समुद्राकडे वळू. त्यात दोन गोष्टी एकदम घडताहेत आणि शेवाळाच्या बाबतीत त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात.

पहिली आम्लीकरणाची. माती परीक्षणाच्या अहवालातला ‘सामू’ आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक असतो. समुद्राचाही सामू असतो. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि सामू उतरतो. औद्योगिक युगाच्या आधी खुल्या समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ आहे. फरक क्षुल्लक वाटतो, पण ही मोजणी दशपटीची असल्यामुळे ०.१ची घसरण म्हणजे आम्लधर्मी हायड्रोजन आयनांत सुमारे २५ ते ३० टक्क्यांची वाढ. समुद्र अजून अल्कधर्मीच आहे, पण त्याची वाटचाल आम्लाकडे आहे. शिंपले, प्रवाळ आणि चुन्याचं कवच बांधणाऱ्या सगळ्याच जीवांना हे जड जातं.

शेवाळाला मात्र कार्बन डायऑक्साइड हे अन्न आहे, आणि समुद्रात या अन्नाची टंचाई असते. पाण्यात वायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटीने सावकाश पसरतात. शिवाय समुद्रात विरघळलेल्या कार्बनपैकी सुमारे नव्वद टक्के बायकार्बोनेटच्या रूपात असतो. मोकळा कार्बन डायऑक्साइड जेमतेम एखादा टक्का. बहुतेक शेवाळं विकरं वापरून बायकार्बोनेटपासून कार्बन डायऑक्साइड बनवतात आणि पेशीत साठवतात. त्यात ऊर्जा खर्च होते. पाण्यात मोकळा वायू वाढला की हा खर्च वाचतो आणि वाचलेली ऊर्जा वाढीकडे जाते. जपानी नोरी या शेवाळावर १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुन्शान गाओ आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात टाकीतल्या पाण्याला जादा कार्बन डायऑक्साइड दिला तेव्हा वाढ स्पष्टपणे जोमदार झाली. अगर देणाऱ्या ग्रासिलारियावर आणि हिरव्या अल्वावर झालेल्या बऱ्याच प्रयोगांचा कलही तसाच आहे.

या प्रयोगांवर एक मोठी आशा उभी आहे. समुद्र आम्ल होतोय, शेवाळ ते आम्ल बनवणारा वायू खातं, मग शेवाळ लावा: पीकही येईल आणि समुद्रही वाचेल, असं सांगितलं जातं. यातला काही भाग खरा आहे. चीनच्या किनाऱ्यावरच्या शेवाळशेतांत सामू आजूबाजूच्या पाण्यापेक्षा सुमारे ०.१ने जास्त आढळला. शेजारी शिंपल्यांची शेती असेल तर तिला त्याचा आसरा मिळू शकतो. पण हे दिवसाउजेडीचं चित्र झालं. रात्री शेवाळ श्वास घेतं, कार्बन डायऑक्साइड परत सोडतं, सामू उतरतो. दाट शेताच्या उथळ पाण्यात दिवसरात्रीत होणारी ही चढउतार शतकभराच्या घसरणीपेक्षा मोठी असू शकते. आणि कार्बन कायमचा खाली बसतो हा दावा तर मला मुळीच पटत नाही. जे पीक ४५ दिवसांत कापून आइस्क्रीममध्ये आणि फवाऱ्यात जातं, त्यातला कार्बन काही महिन्यांत हवेत परत येतो. या पिकाचं समर्थन बायकांच्या हातात येणाऱ्या पैशाने होतं. ते पुरेसं आहे, त्याला कार्बनच्या खोट्या हिशेबाची जोड नको.

दुसरी गोष्ट तापमानाची, आणि आशेचा बराचसा भाग ती खाऊन टाकते. हवामान बदलामुळे पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रात गेली आहे. कापाफायकसला २५ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. त्याच्या वर प्रकाशसंश्लेषण मंदावतं, पण श्वसन वाढतच जातं. म्हणजे कमाई घटत असताना खर्च वाढतो. ३३ ते ३५ अंशांना प्रयोगशाळेत, कुठलाही जंतू नसतानाही, फांद्या पांढऱ्या पडलेल्या दिसल्या आहेत. पिकाला ऊन लागतं ते असं. जंतू त्यानंतर येतात: ताणात असलेल्या फांदीतून सेंद्रिय द्रव्यं झिरपतात, त्यांवर जीवाणू पोसतात आणि कमजोर झालेली फांदी पोखरतात. पाऊस होऊन पाण्याची क्षारता उतरली की असाच ताण येतो. आइस-आइसवर औषध शोधणाऱ्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही, कारण जंतू मारून गरम पाणी थंड होत नाही.

पिकाला मारतो तो वर्षाच्या सरासरीवरचा अंश नव्हे, हेही ध्यानात घ्यायला हवं. वारा पडलेला असतो, लाटा नसतात, ओहोटीमुळे पाणी उथळ झालेलं असतं, आणि दुपारचं ऊन सलग चार-पाच दिवस तळापर्यंत पोचतं. पाणी हलत असेल तर शेवाळाच्या अंगाभोवतीचा स्थिर थर पातळ राहतो, ताजी पोषकद्रव्यं पोचतात, उष्णताही वाहून जाते. पाणी निपचित पडलं की तिन्ही गोष्टी एकदम थांबतात. तापलेला वरचा थर हलका होऊन तरंगत राहतो आणि खालचं नायट्रोजनयुक्त थंड पाणी वर येत नाही, म्हणून उन्हाच्या जोडीला उपासमारही येते. समुद्राचं वर्षभराचं सरासरी तापमान एका अंशाने वाढलं तर असे तापलेले निपचित दिवस कैक पटीने वाढतात.

मग आम्लीकरणाने दिलेलं आणि उष्णतेने नेलेलं यांची वजाबाकी काय? तापमान शेवाळाच्या सोसण्याच्या मर्यादेत असेल तोवर जादा कार्बन डायऑक्साइडचा फायदा दिसतो, मर्यादा ओलांडली की तो दिसेनासा होतो, असा या विषयावरच्या प्रयोगांचा साधारण कल आहे. आणि उष्ण कटिबंधातली शेती आधीच त्या मर्यादेच्या काठावर आहे. दुसरं असं की कार्बन डायऑक्साइड तणालाही पोसतो. शेवाळशेतीतलं तण म्हणजे पिकाच्या अंगावर चढणारी बारीक तंतूंची शेवाळं. त्यांनी एकदा फांद्या वेढल्या की प्रकाश अडतो आणि जखमाही होतात. जपानच्या शिकिने बेटाजवळ समुद्रतळातून नैसर्गिकपणे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. तिथलं पाणी पुढच्या काळातल्या समुद्रासारखं कमी सामूचं आहे, म्हणून शास्त्रज्ञ ते अभ्यासतात. त्या पाण्यात मोठ्या शेवाळांची वनं बहरलेली नाहीत. खडकांवर ठेंगण्या, लवेसारख्या शेवाळाचा गालिचा पसरला आहे. मला हे निरीक्षण टाक्यांतल्या प्रयोगांपेक्षा अधिक बोलकं वाटतं, कारण टाकीत तण नसतं.

पिकाचा कसही बदलतो. केल्प या तपकिरी शेवाळावरच्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी अभ्यासात कमी सामूच्या पाण्यात वाढलेल्या केल्पमध्ये आयोडीन जास्त साठलं, आणि ते केल्प खाणाऱ्या जीवांमध्येही पोचलं. कापाफायकसमध्ये रोगट मालातलं कॅराजीनन कमी आणि कमजोर भरतं, त्यामुळे व्यापारी भाव पाडतो.

टांझानियाच्या झांझिबार बेटांवर या सगळ्याची तालीम आधी होऊन गेली आहे. तिथे शेवाळशेतीची कल्पना मांडली ती केटो म्शिगेनी या टांझानियन शास्त्रज्ञाने, जे हवाईत डोटींकडेच शिकले होते. १९८९मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या पाजे आणि जांबियानी गावांत फिलिपीन्सचं बेणं लागलं. ओहोटीला पाणी घोटा-गुडघ्यापर्यंत येतं, तेव्हा बायका वाळूत खुंट ठोकून त्यांना दोऱ्या बांधत. बोट लागत नव्हती, पोहायला लागत नव्हतं. म्हणूनच हे काम बायकांचं झालं. आजही तिथल्या शेवाळ शेतकऱ्यांत दहापैकी आठाहून अधिक बायका आहेत. त्या पैशांतून मुलांच्या फिया भरल्या गेल्या, घरांवर पत्रे चढले. ज्या समाजात बाईने घराबाहेर कमावणं मान्य नव्हतं तिथे तिच्या हातात स्वतःचा पैसा आला.

पण ज्या उथळपणामुळे काम बायकांच्या आवाक्यात आलं, त्याच उथळपणाने पीक मारलं. खाजणातलं गुडघाभर पाणी दुपारी फार लवकर तापतं. कापाफायकस, ज्याला व्यापारात ‘कोटोनी’ म्हणतात, नव्वदीनंतर वारंवार मरू लागलं आणि बऱ्याच गावांतून नाहीसंच झालं. बायकांनी ‘स्पायनोसम’ नावाचं दुसरं शेवाळ लावायला घेतलं. ते काटक आहे, गरम पाणी जास्त सोसतं, पण त्याचा भाव कोटोनीच्या निम्म्याच्या आसपास. तेवढ्याच मेहनतीला अर्धे पैसे. पुढे स्पायनोसमलाही रोग होऊ लागला.

झांझिबारच्या सागरी विज्ञान संस्थेतल्या फ्लॉवर म्सुया यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. २००६मध्ये त्यांनी शेतकरी, संशोधक आणि व्यापारी यांचा गट बांधला. उपाय दिसायला साधा होता: जिथे पाणी खोल आणि थंड आहे तिथे न्यायचं. खुंटांऐवजी तरंगत्या दोऱ्या, आणि लाटांनी फांद्या तुटू नयेत म्हणून नळीसारख्या जाळ्यांत बेणं भरायचं. पीक खरोखर सुधारलं. पण खोल पाण्यात जायचं म्हणजे बोट हवी आणि पोहता यायला हवं. ज्या बायकांचा जन्म समुद्राकाठी गेला पण ज्यांना कुणी पोहू दिलं नव्हतं, त्या मध्यमवयात पोहायला शिकल्या. या धाडसाबद्दल मला अपार आदर आहे. तरी हेही खरं की अशा स्थलांतरात काम पुन्हा ज्यांच्याकडे बोट आहे त्यांच्याकडे, म्हणजे पुरुषांकडे, सरकतं. जांबियानीत काही बायकांनी शेवाळ सोडून स्पंजाची शेती धरली. काहींनी शेवाळाचा साबण करून विकायला घेतला, म्हणजे कमी मालातून जास्त पैसे मिळावेत. तापमानाच्या एकदोन अंशांनी एका बेटावरच्या बायकांचं कामच बदलून टाकलं.

भारतात या अनुभवाची चर्चा फार थोडी होते. शेवाळशेतीच्या योजना आखणाऱ्यांनी पाजे आणि जांबियानीच्या बायकांना दोन दिवस मंडपमला बोलावून ऐकलं पाहिजे.

थंड समुद्रातली शेती या तापापासून सुटली असेल असं वाटू शकतं. जपानची नोरी पाहू. सुशीभोवती गुंडाळलेला तो काळा कागद म्हणजे पायरोपिया नावाचं लाल शेवाळ. शतकानुशतकं जपानी शेतकरी ते लावत होते, पण उन्हाळ्यात ते जातं कुठे हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे पीक नशिबावर होतं. मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९मध्ये दाखवून दिलं की ते उन्हाळाभर शिंपल्यांच्या कवचात सूक्ष्म तंतूंच्या रूपात राहतं. त्या शोधावर जपानची आधुनिक नोरीशेती उभी राहिली. त्या स्वतः कधी जपानला गेल्या नाहीत, तरी कुमामोतो प्रांतात आरिआके समुद्राकाठी शेतकऱ्यांनी वर्गणी काढून त्यांचं स्मारक उभारलं आणि तिथे दर वर्षी १४ एप्रिलला लोक जमतात.

याच आरिआके समुद्रात आता नोरी संकटात आहे. जाळी समुद्रात सोडायला पाणी २३ अंशांच्या खाली यावं लागतं. शरद ऋतूत पाणी पूर्वीपेक्षा उशिरा निवतं, लावणी ऑक्टोबरच्या अखेरीकडे सरकली आहे आणि हंगाम दोन्ही टोकांनी आखडला आहे. हिवाळा उबदार राहिल्याने नोरी खाणारे मासे किनाऱ्यालाच थांबतात. पाण्यात डायटम या सूक्ष्म शेवाळांची दाटी झाली की ती नायट्रोजन संपवतात आणि नोरीचा रंग उडतो. पिवळट नोरीला भाव नसतो. २०००-०१च्या हिवाळ्यात असं मोठ्या प्रमाणावर झालं, तेव्हा शेतकऱ्यांनी शेजारच्या इसाहाया खाडीवर बांधलेल्या बंधाऱ्याला दोष देत होड्यांनी मोर्चा नेला. तो वाद न्यायालयात वर्षानुवर्षं चालला, आणि नुकसानीत बंधाऱ्याचा वाटा किती नि समुद्राच्या तापण्याचा किती हे वेगळं काढणं सोपं नाही. २०२२-२३च्या हंगामात देशाचं उत्पादन ५०० कोटी कागदांच्या खाली गेलं. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. सलग १९ हंगाम पहिल्या क्रमांकावर राहिलेला सागा प्रांत त्या वर्षी मागे पडला. आरिआकेच्या शेतकऱ्यांकडे बोटी, शीतगृहं, सहकारी संस्था, संशोधन केंद्रं सगळं आहे. गोठवलेली राखीव जाळी असतात, शरदातलं पीक बुडालं तर हिवाळ्यात ती काढून पुन्हा लावता येतात. मंडपमच्या बायकांकडे राखीव बेणं असं गोठवून ठेवायची सोय नाही.

हिंदी महासागराचं काय होणार याचा हिशेब पुण्यात झाला आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०२० या काळात हिंदी महासागर शतकाला १.२ अंश या वेगाने तापला, आणि २१००पर्यंत हा वेग शतकाला १.७ ते ३.८ अंशांवर जाऊ शकतो. पृष्ठभागाचा सामू ८.१च्या वरून ७.७च्या खाली जाऊ शकतो. या पिकापुरता सगळ्यात महत्त्वाचा आकडा सागरी उष्णलाटांचा आहे. पूर्वी वर्षाला सरासरी २० दिवस अशा लाटा असत. शतकाअखेर त्या २२० ते २५० दिवस असू शकतात. मे २०२०मध्ये आलेल्या एका लाटेत मन्नारच्या आखातातले ८५ टक्के प्रवाळ पांढरे पडल्याची नोंद आहे. ४५ दिवसांच्या पिकाच्या वर्षात अनेक खेपा मिळतात असं धरून आज अनुदानाची गणितं मांडली जातात. उष्णलाटांचे दिवस २५०पर्यंत गेले तर त्यातल्या किती खेपा उरतील, हे गणित कुठल्याच योजनेत मांडलेलं मला दिसलं नाही.

योजना मात्र मोठ्या आहेत. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठेवले गेले आणि ११ लाख टनांहून अधिक ओल्या शेवाळाचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. रामनाथपुरम जिल्ह्यात वलमावूरला बहुउद्देशीय शेवाळ पार्क उभा राहतो आहे. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने परदेशातून जिवंत शेवाळ आणण्याची नियमावली काढली, कारण जुनं बेणं थकलं आहे हे आता सगळ्यांना मान्य आहे. मंडपमच्या शास्त्रज्ञांनी ऊतिसंवर्धनातून रोपं तयार करायला घेतली आहेत. नव्या वाणांची आयात करताना एक जुना धडा विसरता कामा नये: कुरुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर कापाफायकस रानटी होऊन चढल्याचं २००८मध्ये नोंदलं गेलं होतं. उष्णता जास्त सोसणारं बेणं बाहेर पसरलं तर ते तेवढंच चिवट तण ठरू शकतं. माझ्या मते आयातीपेक्षा इथल्या जातींवर, ग्रासिलारियासारख्या, जास्त पैसा लावायला हवा. त्या हळू वाढतात आणि कंपन्यांना कमी आवडतात, पण या पाण्यात त्या पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या आहेत.

कोकणातही शेवाळशेतीची चर्चा आहे. इथला प्रश्न आणखी वेगळा. जून ते सप्टेंबर या समुद्रात तराफा टिकत नाही आणि खाड्यांची क्षारता पावसाने उतरते, म्हणून लागवडीला ऑक्टोबर ते मे एवढाच काळ. त्यातल्या शेवटच्या दोन महिन्यांत, एप्रिल-मेला, अरबी समुद्राचं पाणी तिशीच्या आसपास किंवा वर असतं. पावसाळा सरता सरता पश्चिम किनाऱ्यावर खालचं थंड, प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेलं पाणी वर येतं. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर ते वर्षानुवर्षं मोजत आली आहे. म्हणजे कमी सामूचं पाणी आणि गरम पाणी, दोन्ही इथे पाळीपाळीने येतात. आयतं मिळालेलं कापाफायकस बेणं इथे दर ऑक्टोबरला नव्याने आणावं लागेल, नाहीतर चार महिने किनाऱ्यावरच्या टाक्यांत जगवावं लागेल.

याच कोकणच्या खडकांवर भरतीच्या वरच्या रेषेला, ऐन पावसाळ्यात, नोरीचा एक भाऊबंद आपणहून उगवतो: पोरफायरा व्हिएतनामेन्सिस. पाऊस अंगावर घेत, लाटांच्या तुषारांवर तो जगतो आणि पाऊस सरला की नाहीसा होतो. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून त्याचे नमुने घेऊन संशोधकांनी त्यातली प्रथिनं आणि खनिजं तपासली आहेत. लागवडीचं तंत्र मात्र अजून बसलेलं नाही. ते बसवायला शिंपल्यांत बेणं धरणारं एक छोटं केंद्र, किनाऱ्यावर वर्षभर पाण्याचं तापमान आणि सामू नोंदवणारी यंत्रं आणि पाच-सहा वर्षांचा पगार लागेल. कोकणात पहिला तराफा बांधण्याआधी एवढं काम सुरू झालेलं मला पाहायचं आहे.